मागून मारलेली हाक



या मालिकेत आपण आत्तापर्यंत आडवं गेलेलं मांजर, शिंक, दारावरची लिंबू-मिरची अशा विषयांवर बोललो. त्यात थोडी गंमत होती. आजच्या विषयात गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हा भाग मी दोनदा रेकॉर्ड केला आणि दोन्ही वेळा पुसून टाकला, कारण त्यात माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते आणि ती मी घरात सोडून कुठे सांगितलेली नाही.

काही महिन्यांपूर्वी एका ताईंचं पत्र आलं. मध्य प्रदेशातलं मराठी घर, चार पिढ्या तिकडेच गेलेल्या. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो. यजमान सकाळी स्कूटरवर कामाला निघाले. जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या उतरले असतील, तेवढ्यात ताईंनी दारातून हाक मारली, "अहो, येताना दूध आणा." ते वळून "बरं" म्हणाले आणि गेले. पाऊण तासाने फोन आला. चौकात एका टेम्पोने धडक दिली होती. ते वाचले नाहीत.

तेराव्याच्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू मागून हाक मारलीस." एकदाच म्हणाल्या, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

ताई शाळेत विज्ञान शिकवतात. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही, मग हे एक वाक्य डोक्यातून का जात नाही? मुलगा दहा वर्षांचा आहे. तो डबा विसरला तरी मी त्याला हाक मारत नाही, डबा घेऊन जिन्यावरून धावत जाते. मुलाला हे विचित्र वाटायला लागलंय.

माणूस बाहेर पडताना त्याला मागून हाक मारू नये, "कुठे जातोस?" असं विचारू नये, निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणावं, हे आपल्याकडे घराघरात आहे. तुम्ही वडोदऱ्याला असा, हैदराबादला असा की बेळगावला, आजीच्या तोंडून हे ऐकलेलं असणारच. मीही रजा संपवून निघताना आईला "येतो"च म्हणायचो.

ताईंना सोपं उत्तर देता आलं असतं. हाकेचा आणि टेम्पोचा काही संबंध नाही, मनातून काढून टाका. पण हे उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. त्या विज्ञान शिकवतात हो! जे उत्तर माणसाला माहीत असूनही उपयोगी पडत नाही, ते पुन्हा मोठ्या आवाजात सांगण्यात काय अर्थ? आणि दुसरं म्हणजे, त्यांचा प्रश्न वाचला तेव्हा मला एक वळण आठवलं.

साल 1989. मी कॅप्टन होतो. आमची पलटण डोंगराळ भागात होती, जागेचं नाव सांगत नाही. खालच्या तळावरून वरच्या चौक्यांना रसद न्यायची. रस्ता एका गाडीपुरता, त्यामुळे ठरलेल्या वेळेत गाड्या वर जायच्या आणि ठरलेल्या वेळेत खाली यायच्या. मध्ये फाटक. फाटकाची वेळ चुकली की दिवस गेला. चढ सुरू होण्याआधी एक छोटं देऊळ होतं. देऊळ म्हणजे काय, दगडांचा चौथरा, पत्र्याचं छप्पर, घंटा आणि झेंडे. वर जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबायची. ड्रायव्हर उतरून हात जोडायचा, कुणीतरी नारळ फोडायचं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून पुढे.

ज्यांनी फौज जवळून पाहिलेली नाही त्यांना हे नवल वाटेल. सिक्कीमला सहलीला जाऊन आलेल्यांना वाटणार नाही. नाथू ला खिंडीच्या वाटेवर बाबा हरभजन सिंग यांचं मंदिर आहे. हा पंजाब रेजिमेंटचा जवान 1968 मध्ये तिथे मरण पावला. तिथे त्यांचा गणवेश, बूट, अंथरूण सगळं आजही सांभाळलं जातं आणि ते सीमेवर पहारा देतात अशी जवानांची श्रद्धा आहे. पर्यटक त्याकडे कुतूहलाने पाहतात. तिथे बर्फात ड्यूटी करणारा जवान कुतूहलाने पाहत नाही.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर राहून याचं कारण फार नेमकं टिपलं. ही बेटं आज पापुआ न्यू गिनी देशात येतात. तिथले कोळी किनाऱ्याजवळच्या शांत खाडीत मासे पकडायचे, तेव्हा कसलेच विधी करत नसत, कारण तिथे धोका नव्हता आणि मासे हमखास मिळायचे. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र मंत्र, विधी, पथ्यं सगळं यायचं. माणसं तीच, डोकंही तेच. फरक होता तो आपल्या हातात किती आहे याचा. इस्रायलमध्ये गिओरा केनान यांनी 1991 च्या आखाती युद्धात, इराकी क्षेपणास्त्रं पडत असताना लोकांना प्रश्न विचारले, तेव्हाही तेच दिसलं. ज्या शहरांवर मारा होत होता तिथे शकुन-अपशकुन मानण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून एखाद्याच्या ताईत-दोऱ्यावरून त्याची अक्कल मापायला जाऊ नये, एवढं मी फौजेत शिकलो. तो खुल्या समुद्रात आहे का, हे आधी पाहावं.

तर त्या दिवशी ऑगस्टचा पाऊस होता. पाच गाड्या होत्या आणि मी पहिल्या गाडीत. निघायला उशीर झाला होता, फाटक बंद व्हायला जेमतेम वेळ उरलेला. देऊळ आलं तशी ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली. मी म्हणालो, "आज थांबायचं नाही. चल." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गियर बदलला. मागच्या गाड्याही न थांबता आल्या.

फाटक मिळालं. त्यानंतर साधारण तासाभराने, एका डाव्या वळणावर, तिसऱ्या गाडीखालची रस्त्याची कड खचली. शेजारी बसलेला जवान उडी मारून वाचला. ड्रायव्हर वाचला नाही. सातारा जिल्ह्यातला मुलगा, 24 वर्षांचा.

चौकशी झाली. टायर, ब्रेक, स्टिअरिंग सगळं ठीक होतं. आदल्या रात्रीच्या पावसाने कडेखालची माती वाहून गेली होती, वरून काही दिसत नव्हतं. चौकशीत देवळाचा उल्लेख नाही, असायचं कारणही नव्हतं. आमचे सुभेदार साहेब मला अवाक्षर बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः चार जवान घेऊन देवळापाशी गेले आणि पाच नारळ फोडून आले. एकेका गाडीचा एक. मी तंबूच्या दारातून पाहत होतो.

आता मी काय केलं ते सांगतो. हिवाळ्यात रस्ता बंद झाला, हाताशी वेळ होता, तेव्हा मी अपघातांची जुनी नोंदवही काढली. आमच्या आधीच्या चार वर्षांत त्या रस्त्यावर सहा अपघात झाले होते, त्यांत दोघे गेले होते. मी सुभेदार साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, देवळापाशी न थांबता यापूर्वी कधी गाड्या वर गेल्यात का?" ते अभिमानाने म्हणाले, "एकदाही नाही."

म्हणजे ते सहाही अपघात थांबून, नारळ फोडून, हात जोडून निघालेल्या गाड्यांचे होते. पण त्या सहा वेळी कुणीही म्हटलं नव्हतं की "थांबलो होतो, तरी असं झालं." त्या वेळी कारण म्हणून धुकं होतं, बर्फ होतं, ड्रायव्हर थकलेला होता. देऊळ कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण ते रोजचंच होतं. आणि न थांबता गेलेल्या त्या एकाच दिवशी वर सुखरूप पोचलेल्या चार गाड्यांबद्दलही कुणी काही बोललं नाही.

शकुन-अपशकुनाचा हिशेब असा चालतो. खरं तर चार खणांचा तक्ता मांडायला हवा. नियम पाळला आणि वाईट झालं, नियम पाळला आणि ठीक झालं, मोडला आणि वाईट झालं, मोडला आणि ठीक झालं. आपलं मन एकाच भागात सगळा मुक्काम ठोकतं, मोडला आणि वाईट झालं या खणात. बाकीचे तीन खण भरलेले असतात, पण तिकडे कुणी डोकावत नाही.

ही नोंदवही वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मार्चमध्ये रस्ता उघडला आणि पहिल्याच फेरीला मी देवळापाशी गाडी थांबवली. त्यानंतर त्या रस्त्यावर असेपर्यंत एकदाही न थांबता गेलो नाही. आकडे माझ्यापाशी होते, कागद माझ्या हाताने तपासलेला होता, आणि तरी मी थांबत होतो. जवानांचं मन राखायला थांबतो असं मी स्वतःला सांगायचो. ते अर्धंच खरं होतं.

शिकागो विद्यापीठातल्या जेन रायझन यांनी या अवस्थेबद्दल 2016 मध्ये एक मोठा लेख लिहिला. तोपर्यंत मानसशास्त्रात साधारण समज असा होता की चुकीची समजूत लक्षात आली की माणूस ती दुरुस्त करतो. रायझन म्हणतात, चूक लक्षात येणं आणि ती दुरुस्त करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली चढूनही माणूस दुसरी चढत नाही. त्याला माहीत असतं की यात तथ्य नाही, आणि तरी तो त्या समजुतीपुढे मान तुकवतो. मला हे वाचून हायसं वाटलं. ताईंच्या पत्रातलं "विश्वास नाही, मग जात का नाही?" याचं निम्मं उत्तर इथे आहे. विश्वास नसतानाही ते राहू शकतं. त्यासाठी स्वतःला ढोंगी किंवा अडाणी समजायची गरज नाही.

याच रायझन यांनी थॉमस गिलोविच यांच्याबरोबर 2008 मध्ये केलेले काही प्रयोग मजेशीर आहेत. एका मुलाने स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केलाय आणि निकाल लागायच्या आधीच आईने त्याला स्टॅनफर्डचा टी-शर्ट पाठवला. काही लोकांना सांगितलं की मुलाने तो घातला, काहींना सांगितलं की त्याने तो घातला नाही. मग विचारलं, प्रवेश मिळेल का? टी-शर्ट घातल्याचं ज्यांना सांगितलं होतं त्यांना प्रवेशाची शक्यता कमी वाटली. शिकलेली अमेरिकन माणसं ही! आपली आजी याला "दृष्ट लागेल" म्हणाली असती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की "ऐटीत टी-शर्ट घातला आणि प्रवेश नाकारला" हे चित्र मनात चटकन उभं राहतं, आणि जे चटकन उभं राहतं ते जास्त संभवतं असं वाटतं. लहानपणापासून "मागून हाक मारू नये" ऐकलेल्या माणसाच्या मनात हाकेनंतरचं चित्र आधीपासून काढून ठेवलेलं असतं. हाक मारल्यावर ते पुसट दिसतं, लगेच विरतंही. एखाद्या दिवशी खरंच काही घडलं, की ते चित्र भिंतीवर कायमचं टांगलं जातं.

आता दुसरा भाग, "जर-तर"चा. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1982 च्या एका लेखात जोन्स नावाच्या काल्पनिक माणसाची गोष्ट वापरली. जोन्स बँकेतला अधिकारी. एका चौकात पिवळा दिवा लागतो, तो गाडी थांबवतो. दिवा बदलल्यावर निघतो आणि आडव्या बाजूने सिग्नल तोडून भरधाव आलेला ट्रक त्याला उडवतो. ट्रक चालवणारा पोरगा नशेत असतो. गोष्टीच्या एका प्रतीत जोन्स नेहमीच्या वेळी पण वेगळ्या रस्त्याने घरी निघालेला आहे, दुसऱ्या प्रतीत नेहमीच्या रस्त्याने पण लवकर निघालेला आहे. वाचणाऱ्यांना सांगितलं, घरच्यांच्या मनात "जर असं झालं असतं तर..." असे विचार येताहेत, ते पूर्ण करा. पहिली प्रत वाचणाऱ्यांनी बहुतेक रस्ता बदलला, दुसरी वाचणाऱ्यांनी वेळ. म्हणजे त्या दिवशी नेहमीपेक्षा जे वेगळं झालं ते. नशेत गाडी चालवणाऱ्या पोराला गोष्टीतून काढावं असं फार थोड्यांना सुचलं. ज्याने जीव घेतला तो बाजूलाच राहिला!

ताई, तुमच्या टेम्पोवाल्याचं तुमच्या पूर्ण पत्रात एकच वाक्य होतं. हाकेबद्दल दोन पानं होती.

या ठिकाणी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण समजूत घालणारे ती नेहमी गाळतात. "जर" खरं असतं. त्या दिवशी देवळापाशी चार मिनिटं थांबलो असतो तर तिसरी गाडी त्या वळणावर चार मिनिटं उशिरा पोचली असती. कदाचित तेव्हाही कड खचली असती, कदाचित दुसऱ्या गाडीखाली, कदाचित गाड्या नसताना आपोआप. पण जे घडलं ते जसंच्या तसं घडलं नसतं, हे नक्की. तसंच दुधाच्या हाकेत सात-आठ सेकंद गेले, आणि ते गेले नसते तर स्कूटर चौकात सात-आठ सेकंद आधी असती. हे नाकारून चालत नाही. डोकं शाबूत असलेला माणूस हे नाकारू शकत नाही, म्हणूनच "तुझा काही संबंध नाही" हे त्याला पटत नाही.

मग काय नाकारायचं? त्या सात सेकंदांचं एकटेपण. त्या सकाळी स्कूटर एका किकला सुरू झाली की तीन, शेजारच्यांची गाडी फाटकात आडवी होती का, आधीच्या सिग्नलला लाल दिवा मिळाला की हिरवा, अंघोळीला पाणी तापायला किती वेळ लागला, या प्रत्येकाने त्या चौकातली वेळ ठरवली. हाक त्या शेकडो गोष्टींपैकी एक. तिच्यामुळे वेळ बदलली हे खरं. तिच्यामुळे मरण आलं हे खरं नाही. मरण भरधाव टेम्पोमुळे आलं. बाकी शेकडो गोष्टींना आपल्या परंपरेत नाव नाही, म्हणून त्या आठवत नाहीत. पाणी उशिरा तापलं तर अपशकुन, असं आजीने सांगितलेलं नसतं.

माझी गोष्ट इथे संपत नाही. त्या वर्षीच्या रजेत मी त्या ड्रायव्हरच्या गावी गेलो. कौलारू घर, पुढे पडवी, त्याचा फोटो टांगलेला. त्याची आई माझ्यासमोर बसली. पेन्शनचे कागद, धाकट्याचं शिक्षण असं बोलणं झालं. मुलगा पत्रातून त्या देवळाबद्दल लिहायचा म्हणे, दर फेरीला थांबतो म्हणून. चहा झाल्यावर तिने विचारलं, "साहेब, त्या दिवशी देवाला थांबला हुता न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

हे खोटं होतं, आणि ते मी त्या बाईंसाठी बोललो की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग का झालं वं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रस्त्याची कड, पाऊस, माती हे सगळं मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली. पण कड कशी खचली हे ती विचारतच नव्हती.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा, इव्हान्स-प्रिचर्ड यांचं 1937 चं एक पुस्तक हाती आलं, आफ्रिकेतल्या अझांदे लोकांबद्दलचं. तिथे खांबांवर उभारलेली धान्याची कोठारं असतात. दुपारच्या उन्हात माणसं त्यांच्या सावलीत गप्पा मारत बसतात. कधी एखादं कोठार कोसळतं आणि खाली बसलेले जखमी होतात. वाळवीने खांब खाल्ले होते हे प्रत्येक अझांदे माणसाला माहीत असतं. पण तो विचारतो, याच वेळी का कोसळलं, आणि हीच माणसं खाली असताना का? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर आहे, चेटूक. आपल्याकडे विज्ञान आहे, आणि विज्ञान म्हणतं की दोन स्वतंत्र घटना एका वेळी घडल्या, बस्स. खांब आपल्या गतीने कुजत होता, माणसं आपल्या सवयीने बसली होती. पुढे काही नाही. हे उत्तर बरोबर आहे, आणि घरात मृत्यू झालेल्या माणसाला ते हातात घेऊन बसता येत नाही. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं, कारण त्या पडवीतला प्रश्न हाच होता.

सासूबाईंनी तेराव्याला जे म्हटलं ते मी या बाजूने पाहतो. त्यांनी वाईट केलं, ते बोलायला नको होतं, यात शंका नाही. पण त्यांचा मुलगा गेला होता आणि त्या "का?" विचारत होत्या. समोर जे उत्तर पडलेलं होतं ते त्यांनी उचललं.

आणि ताईंनी ते स्वतःवर का घेतलं? इथे एक जुना अभ्यास आठवतो. 1977 मध्ये अमेरिकेत रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अपघातात अर्धांग किंवा सर्वांग लुळं पडलेल्या 29 जणांशी बोलून पाहिलं. अपेक्षा अशी की जे स्वतःला दोष देतात ते जास्त खचलेले असतील. निघालं उलट. स्वतःला काही अंशी दोष देणारे त्यातल्या त्यात जास्त सावरलेले होते. दुसऱ्याला दोष देणारे, हा अपघात टाळता आला असता असं मानणारे कमी सावरलेले होते. 29 म्हणजे संख्या लहानच, त्यावर मोठा इमला बांधू नये. शिवाय ते स्वतःच्या शरीराबद्दल बोलत होते, दुसऱ्याच्या मृत्यूबद्दल नाही. पण त्यातून एक गोष्ट सुचते जी मला माझ्याबद्दल खरी वाटते. "माझं चुकलं" या वाक्यात यातना आहेत, पण त्याच्या पोटात आणखी एक वाक्य लपलेलं आहे, "म्हणजे ते माझ्या हातात होतं." पुढच्या वेळी मी थांबेन, पुढच्या वेळी हाक मारणार नाही, म्हणजे पुढच्या वेळी असं होणार नाही. अपराधी वाटणं सोसवतं. काहीच हातात नव्हतं हे सोसवत नाही. मी मार्चमध्ये देवळापाशी गाडी थांबवली ती यासाठी. ताई डबा घेऊन जिना उतरतात त्या यासाठी.

हे कळलं म्हणून लगेच सुटका होत नाही. तीस-पस्तीस वर्षांनीही मला कुणी घाईत असताना "थांबूया का?" विचारलं तर पोटात काहीतरी हलतं.

ताईंशी मी फोनवर बोललो. पहिल्यांदा हे सांगितलं की मी फौजी माणूस आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. दोन वर्षांनंतरही झोप मोडत असेल तर तज्ज्ञांशी बोललंच पाहिजे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. हे तुम्हा सर्वांसाठीही सांगतोय. मग मी त्यांना माझी नोंदवही सांगितली आणि म्हणालो, आता तुमची काढूया. लग्नाला किती वर्षं झाली होती? अकरा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सुमारे 3300 वेळा ते कामाला निघाले. त्यातल्या किती वेळा तुम्ही मागून हाक मारली?

त्या हसल्या. म्हणाल्या, "रोजच की हो. कधी डबा, कधी रुमाल, कधी चष्मा." थोडं थांबून म्हणाल्या, "हेल्मेटसाठी तर नेहमी. विसरून जायचे, मी ओरडून परत बोलवायचे."

मी विचारलं, हेल्मेटसाठी मारलेली हाक कुठल्या खणात लिहायची?

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रडत असाव्यात. मीही फोन धरून बसून राहिलो. पलटणीत असताना हे मला जमत नसे, लगेच काहीतरी बोलून मोकळा व्हायचो.

शेवटी त्यांनी विचारलं, "मुलाला हाक मारू?"

मी म्हणालो, मारा. पहिल्यांदा छातीत धस्स होईल, ते होऊ द्या, ते थांबवायला काही करू नका. फोन करून तो शाळेत पोचला का ते विचारू नका. दुपारी तो घरी येईल तेव्हा वहीत एक रेघ ओढा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि एखाद्या दिवशी तो पडून गुडघा फोडून आला, मुलं फोडतातच, तर त्या दिवशीही रेघ ओढा, पण शेजारच्या खणात. वही प्रामाणिक राहिली पाहिजे.

साधारण महिन्याने त्यांचा निरोप आला. मुलगा पाण्याची बाटली विसरला होता, त्यांनी गॅलरीतून हाक मारली, तो वर पाहून "फेक!" म्हणाला. त्यांनी बाटली खाली टाकली आणि ती त्याच्या हातातून निसटून फुटली. मुलगा शाळेत बिनपाण्याचा गेला आणि नळाचं पाणी पिऊन आला. सासूबाई आतून म्हणाल्या, "बाटली तरी खाली जाऊन द्यायचीस."